साहेब, दसरा कवा हाय?

आमच्या खात्यात मला सगळे ‘मास्तर’ म्हणत, पण शाळेत मी एक दिवसही शिकवलं नाही. मी मोठ्या माणसांना घराच्या भिंतीवर औषध मारायला शिकवत असे. हे ऐकून लोक हसतात. त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं पुष्कळांनी विचारलं. माझी पत्नी गोदा हिनं हे काम माझ्याकडं आलं तेव्हाच विचारलं होतं. मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. ते अपुरं होतं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि त्यात एका भल्या माणसाची अब्रू गेली.

गोदा या आषाढात गेली. कामाच्या आठवणी लिहा, असं एका मासिकाच्या संपादकांचं पत्र त्याआधीच येऊन पडलं होतं. रोज सकाळी मी चार ओळी लिहितो आणि दोन खोडतो. बदल्या-बढत्यांची जंत्री देत नाही. एका वर्गाची आणि त्या वर्गात विचारलेल्या एका प्रश्नाची गोष्ट तेवढी सांगतो.

तेव्हा निजामावरच्या पोलीस कारवाईला काही वर्षं होऊन गेली होती आणि परभणी जिल्हा मुंबई राज्यात जायला अजून थोडा अवकाश होता. कचेरीतले जुने कागद उर्दूत होते, नवे इंग्रजीत, आणि दारात उभी असलेली माणसं मराठीत बोलत. हिवताप घरोघर होता. पाऊस सुरू झाला की एकेका गावात पेरणीला माणूस मिळेना, अशी गत होई. सरकारनं डीडीटीच्या फवारणीची मोहीम काढली. गावोगाव जाऊन फवारणी करणारी माणसं हवी होती आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडं आलं. मी सव्वीस वर्षांचा, विज्ञानाचा पदवीधर, स्वभावानं भित्रा. हातात एक इंग्रजी पुस्तिका.

वर्ग आठ दिवसांचा. जागा परभणी स्टेशनजवळच्या एका रिकाम्या गोदामाची पडवी. शिकणारे तीस. त्यांत शेतमजूर होते, मेंढरं राखणारे होते, जुन्या राजवटीत चपराशी राहिलेले खाजामियाँ होते. बहुतेकांना नातवंडं होती. पहिले तीन दिवस मी फळ्यावर डास काढला. अंडी, अळी, कोष आणि डास. तिसऱ्या दिवशी दुपारी वळून पाहिलं तर निम्मा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला.

खाजामियाँ म्हणाले, “मास्टरसाब, मच्छर अच्छा निकाले. पन हमारे गाँव का जरा छोटा रहता.”

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी गेल्यावर घास उतरेना. पाच दिवस उरले होते. ही माणसं तशीच गावात गेली तर औषध वाया जाईल, ताप हटणार नाही आणि जाब मला विचारला जाईल. मी प्रश्न विचारला की सगळे खाली बघत. यांना कळत नाही, असं मी समजत होतो. खरं कारण निराळं होतं. ज्याच्या घरात सून आली आहे तो माणूस चारचौघांत हात वर करून चुकीचं उत्तर देणार नाही. पुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी फळा भिंतीकडं फिरवून ठेवला आणि पंप त्यांच्या हातात दिले. एकानं बादलीतल्या पंपाचा दांडा वरखाली करायचा, दुसऱ्यानं नळी धरून भिंतीवर वरून खाली पट्टे मारायचे. नळी फार जवळ धरली की औषध ओघळून जमिनीवर येतं, लांब धरली की हवेत जातं. अंतर अठरा इंच. पण इंच कुणाला माहीत? मी पट्टी घेऊन एकेकाच्या मागं धावत होतो, तेव्हा लिंबाजी पुढं आला.

लिंबाजी पंचेचाळिशीचा धनगर. रोगानं निम्मी मेंढरं गेल्यावर उरलेली भावाच्या हवाली करून तो या नोकरीला आला होता. खाकी सदरा मिळाला त्या दिवशी तो अंगात न घालता घडी करून घरी घेऊन गेला होता, आधी आईला दाखवायला. त्यानं कोपर भिंतीला टेकवलं आणि बोटं ताणली.

“हातभर म्हना की, साहेब.”

मी पट्टी लावून पाहिली. हातभर म्हणजे अठरा इंचच.

दुसरी अडचणही त्यानंच सोडवली. सरावासाठी आम्ही साधं पाणी मारत होतो. ते वाळलं की कुठं सुटलं, कुठं दोनदा बसलं, काहीच दिसत नसे. लिंबाजी म्हणाला, “पान्यात चुना कालवा. वाळलं की भितच सांगंल, गडी कुटं चुकला ते.” तसं केलं आणि वर्गाचा नूर बदलला. जो तो आपापल्या पट्ट्यांसमोर उभा राहून स्वतःच चुका शोधू लागला. मला कुणाला चुकलास म्हणावं लागेना. त्या दिवशी मी नीट जेवलो.

शेवटच्या दिवशी घरच्या माणसांना काय सांगायचं ते शिकवायचं होतं. हे औषध लगेच काम करून संपत नाही. वाळल्यावर त्याची पांढरी भुकटी भिंतीवर महिनोन् महिने राहते, आणि माणसाला चावून भिंतीवर टेकलेला डास तिच्यामुळं मरतो. म्हणून पुस्तिकेत एक ओळ होती, ‘भिंती धुऊ नयेत.’ ती मी तिसांकडूनही घोकून घेतली. मग विचारलं, “कुणाला काही शंका?”

मागून लिंबाजी म्हणाला, “साहेब, दसरा कवा हाय?”

वर्ग हसला. खाजामियाँ म्हणाले, “इसको अब्बीच छुट्टी होना!”

मलाही तसंच वाटलं. “लिंबाजी, दसऱ्याचं दसऱ्याला बघू. कामाचं काही असेल तर विचारा.”

“बरं,” म्हणून तो खाली बसला.

वर्गात आलेला प्रत्येक प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवत असे. त्या प्रश्नापुढं मी एक शब्द लिहिला, ‘असंबद्ध’.

भाद्रपदात दुसरी फवारणी झाली. लिंबाजीच्या तुकडीकडं वालूरच्या पलीकडची काही गावं होती. तो महिना संपत आला असताना त्यांतल्या एका गावातून तक्रार आली की फवारणी होऊनही डास जसेच्या तसे आहेत, ताप तसाच आहे. मोहिमेचे प्रमुख, आमचे डॉक्टरसाहेब, हैदराबादेकडचे, कामाला कडक. त्यांनी मला बोलावून कागद पुढं केला. “मास्टर, जाके देखो. दवा दीवार पे है या किसी के घर में.”

सेलूपर्यंत रेल्वेनं आणि पुढं सायकलवर मी त्या गावात गेलो. घराघरांत जाऊन भिंतीवर बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. पांढऱ्या भुकटीचा कणही नाही. भिंती मात्र चांगल्या तुळतुळीत होत्या, आणि कोपऱ्यात डास निवांत बसलेले. नवव्या-दहाव्या घरानंतर मी थांबलो. लिंबाजी शेजारच्या गावात काम करत होता. त्याला बोलावून घेतलं. एका घराच्या ओसरीवर आम्ही उभे होतो, दारात त्या घरातली म्हातारी.

“लिंबाजी, इथं औषध मारलं होतं?”

“मारलं की, साहेब. हातभर अंतरानं. वरून खाली.”

“मग गेलं कुठं?”

त्यानं भिंतीवरून तळवा फिरवला, नाकाशी नेला. म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

“मी तुमाला इचारलं व्हतं,” तो मला म्हणाला.

“काय विचारलं होतं?”

“ऱ्हाऊ द्या.”

हीच पावडर मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडांवर चालते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. निघताना डॉक्टरसाहेब एवढंच बोलले होते, “धनगर है ना वो?” ते वाक्य सेलूपासून माझ्याबरोबर सायकलवर होतं. मी विचारलं, “लिंबाजी, पावडर मेंढरांना तर नाही ना लावली?”

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. “एक चिमूट न्हाई,” तो म्हणाला. “मेंढरांची आन हाय.” आणि पंप उचलून चालू लागला.

शनिवारी परभणीला परतताना गाडीतच मी अहवाल लिहिला. चोरी हा शब्द लिहायचा मला धीर झाला नाही. मी लिहिलं, ‘औषधाचा अपहार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ते वाक्य चांगलं जमलं, असंही तेव्हा वाटलं. दुपारी कागद डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि कारकुनाला हाक मारली. मी बाहेर पडलो. काम संपलं होतं.

आमचं बिऱ्हाड जुन्या वस्तीत, दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. अंगणात दोरीवर गोधड्या वाळत होत्या, आमच्या सहा महिन्यांच्या मुलीचा पाळणा लिंबाखाली आणून ठेवला होता. आत गोदा पाटावर उभी राहून, पदर खोचून, माती-शेणात भिजवलेलं फडकं भिंतीवर फिरवत होती.

“काय करायलीस?”

“दसरा काढायलेय. सोमवारी घट बसतेत.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घट बसायच्या आधी आमच्याकडं अख्खं घर उलटं करतात. अंथरूण-पांघरूण धुतात, भांडी घासतात आणि भिंतींना माती-शेणाचा नवा हात देतात. त्याला पोतारणं म्हणतात, आणि या सगळ्या कामाला ‘दसरा काढणं’. माझी आई दर वर्षी काढत असे. मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मापासून मी या दिवसांत अशाच भिंती पाहत आलो होतो, आणि म्हणूनच त्या गावात पोतारलेली भिंत डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही.

“गोदा, त्या भिंतीवर औषध मारलं होतं! मी स्वतः मारलं होतं!”

“माहीत आहे की. पांढरे डाग पडले होते सगळीकडं. घट बसवायच्या घरात अशी भिंत ठेवू?”

“मी तुला सांगितलं होतं ना—”

“धुऊ नको म्हणालात. मी कुठं धुतली? मातीची भिंत धुतं का कुणी?” मग माझा चेहरा पाहून ती पाटावरून उतरली. “काय झालं हो? काय झालं?”

मी तसाच कचेरीकडं धावलो. डॉक्टरसाहेब पाथरीच्या दौऱ्यावर निघून गेले होते. लिंबाजीला कामावरून काढल्याचा हुकूम घेऊन शिपाई दुपारच्या गाडीनं गेला होता. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. मी बाकावर बसून राहिलो. कारकुनानं दोनदा विचारलं, “मास्तर, घरी जात नाही का?”

रविवारी त्या गावात पोचलो तेव्हा पाटलाच्या ओट्यावर खाकी सदरा घडी करून ठेवला होता. शेजारी पंप, धुऊन पुसून. नळी मी वर्गात शिकवली होती तशी, पीळ न पडू देता गुंडाळलेली. लिंबाजी आदल्या संध्याकाळीच भावाच्या मेंढरांमागं बालाघाटाच्या बाजूला निघून गेला होता.

मी त्या म्हातारीकडं गेलो.

“आजी, फवारणीनंतर भिंत पोतारली होती का?”

“पोतारली की. समद्या गावानं पोतारली. दसरा हाय न्हवं का?”

“मग परवा मला सांगितलं का नाही?”

“तुमी भितीला हात लावून इचारायलाव. आमाला कुटं इचारलं?” ती पुढं म्हणाली, “मी बोलनार व्हते. पर त्यो लिंबाजी जाता जाता हळूच म्हनला, गप ऱ्हा म्हातारे. तुजं नाव निगालं तर उद्या शिपाई तुज्या दारात हुबा ऱ्हाईल.”

त्या पिढीनं शिपाई दारात उभा राहण्याचे दिवस पाहिले होते. मी खाली बसलो. म्हातारीनं पाणी आणून दिलं.

डॉक्टरसाहेब मंगळवारी परतले. मी उभ्यानं सगळं सांगितलं. “मास्टर, ये तुम्हारी क्लास में नहीं था?”

“नव्हतं, साहेब.”

“तुम्हारे घर में दसरा नहीं आता?”

त्यांनी हुकूम त्याच दिवशी रद्द केला, हा त्यांचा मोठेपणा. पण रद्द झाल्याचं सांगायचं कुणाला? मी बाजाराच्या दिवशी धनगरांच्या हाती निरोप पाठवले. रस्त्यात मेंढरं दिसली की सायकलवरून उतरून चौकशी करत होतो. असे सात-आठ महिने गेले. एक माणूस माझ्या एका वाक्यामुळं चोर ठरून रानोमाळ फिरतो आहे, हे डोक्यातून जात नसे. गोदा ताट वाढून बसायची आणि मी नुसता भात चिवडत असायचो.

पुढच्या मोसमाचा वर्ग आला. पहिल्या दिवशी मी पंपही काढला नाही आणि फळाही. तिसांनाही विचारलं, “येत्या सहा महिन्यांत तुमच्या घरातल्या भिंतीला कोण कोण हात लावणार? कशासाठी? कधी?” या वर्षीही आलेले खाजामियाँ म्हणाले, “दीवार का हमकू क्या मालूम? औरतां कू मालूम.” तेव्हा मी तिसांनाही घरी पाठवलं. बायकांना विचारून दुसऱ्या दिवशी या म्हणालो. ते यादी घेऊन आले. लग्न, बाळंतपण, पोळा, दसरा, दिवाळी, कुठं देवीचा कार्यक्रम. माझ्या पुस्तिकेत नसलेला अभ्यासक्रम त्या एका दिवसात तयार झाला.

एवढ्यानंही मला भरवसा वाटेना. मी गोदाला म्हणालो, “तू ये. वर्गासमोर भिंत पोतार.”

“तीस बाप्यांसमोर? मला नाही जमायचं.”

पण सातव्या दिवशी ती आली. डोक्यावरून पदर घेऊन, वर्गाकडं पाठ करून उभी राहिली. माणसांनी आदल्या दिवशी चुन्याच्या पाण्यानं ती भिंत इतकी सुबक मारली होती की एक पट्टा सुटलेला नव्हता. आपल्या कामाकडं पाहून ते खुशीत होते. गोदानं फडकं भिजवलं आणि हात फिरवला. एक, दोन, तीन. पांढरी भिंत बघता बघता मातकट झाली. मग ती भिंतीकडं बघतच म्हणाली, “आधी सांगत जा कधी येणार ते. आम्ही आधी पोतारून ठेवू, मग मारा काय मारायचं ते.”

“बराबर बोलल्या बाईसाहेब,” बाहेरून आवाज आला.

पडवीच्या कडेला काठीला टेकून लिंबाजी उभा होता. मेंढरं परभणीबाहेरच्या एका शेतात बसवली होती. निरोप त्याला केव्हाच पोचला होता. यावं की न यावं, यात त्याचे इतके महिने गेले होते.

मी तीस जणांसमोर त्याची माफी मागितली. काय बोललो ते आठवत नाही. मग ती वही काढून ‘असंबद्ध’ लिहिलेलं पान त्याच्यापुढं धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तो हसला.

“लिंबाजी, दसरा कवा हाय एवढंच का विचारलंत? बाया पोतारतील म्हणून सांगितलं का नाही?”

“तुमी मास्तर,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुमाला ठावं असंल.”

मी त्याचा सदरा पुढं केला. त्यानं त्यावरून हात फिरवला, आणि परत दिला. “न्हाई साहेब. एकदा चोर म्हनल्यावर त्यो अंगाला चावतोय.” मी पुष्कळ सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. पण पुढची तीन वर्षं, मेंढरं जवळपास असली की तो एक दिवस वर्गात येई, शेवटच्या रांगेत तंबाखू मळत बसे आणि नवख्यांना कोपर भिंतीला टेकवून हातभर अंतर दाखवी. नंतर येईनासा झाला. त्याचा भाऊ एकदा बाजारात भेटला, पण मी विचारायच्या आत मेंढरांमागं निघून गेला. की मीच विचारायला भ्यालो, हे आता सांगता येत नाही.

पुढं मी खूप वर्ग घेतले. वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या कामांचे. ‘असंबद्ध’ हा शब्द पुन्हा कधी लिहिला नाही. कुणी भलतंच काही विचारलं की मी खाली बसत असे आणि विचारत असे, “का विचारताय?” आलेल्या उत्तरांपैकी पुष्कळ खरंच बिनकामाची असत. तरीही विचारत असे. घरी मात्र ही सवय मला लागली नाही.

या ज्येष्ठात गोदा अंथरुणाला खिळलेली होती. एका दुपारी ती म्हणाली, “दसरा कधी आहे हो?”

मी कॅलेंडरकडं वळलो. तारीख तोंडात आली होती. मग परत फिरलो, तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, “का विचारतेस?”

ती हसली. हसताना तिला धाप लागली. “चाळीस वर्षांनी का होईना, विचारलंत.” थोड्या वेळानं म्हणाली, “गोधड्या राहिल्यात धुवायच्या.”

आता भाद्रपद सरत आला आहे. घरात वर्षभर सण नाही, म्हणून सूनबाईनं विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही. भिंती आता सिमेंटच्या आहेत, त्यांना पोतारावं लागत नाही. काल सकाळी मी गोधड्या काढल्या, अंगणात भिजवल्या, जमेल तशा आपटल्या. पिळताना सूनबाई धावत आली, म्हणाली, “मामंजी, हे काय करायलात? मी आहे ना.”

“तू ते टोक धर,” मी म्हणालो.

दोघांनी मिळून पिळून दोरीवर टाकल्या. अजून वाळायच्या आहेत.